अण्णांची अक्रोडाची बाग

अण्णांनी दोन अक्रोड उजव्या मुठीत घेतले, मूठ कानाशी नेऊन ते क्षणभर एकमेकांवर फिरवले आणि डोळे मिटून दाबले. कट्ट असा आवाज झाला. काउंटरपलीकडच्या तीन गिऱ्हाइकांनी माना पुढे काढल्या. अण्णांनी मूठ उघडली तेव्हा एक अक्रोड जसाच्या तसा होता आणि दुसऱ्याची दोन शकलं झाली होती.

"वय किती असेल माझं?"

"साठ?" चष्मेवाल्या बाईंनी मेहेरबानी केली.

"एकाहत्तर पूर्ण. आता हे मनगट बघा. आहे काही ह्यात? काडी आहे काडी. जोर मनगटात नसतो बाई, जोर इथून येतो." अण्णांनी छातीच्या डाव्या अंगाला दोन थापा मारल्या.

खरं तर जोर कुठूनच यावा लागत नाही. एका अक्रोडाची शिवण दुसऱ्याच्या पाठीवर नेमकी बसवली की शाळकरी मुलगीसुद्धा तो फोडील. मूठ कानाशी न्यायची ती शिवण चाचपायला वेळ मिळावा म्हणून. पण सुक्या मेव्याच्या दुकानात सगळ्याच गोष्टी सोलून दाखवायच्या नसतात.

"आमच्या बागेतला म्हातारा ठाऊक आहे ना?" अण्णांनी शकलांतला गर काढून तिघांच्या हातावर ठेवला. "नाही? अहो, मी अकरा वर्षांपूर्वी डोंगरात गेलो होतो ना, अक्रोडाच्या बागेत, तिथला. ब्याण्णव वर्षांचा. रोज मूठभर अक्रोड, वर चार बदाम. मेला तेव्हा काय झालं असेल? श्वास थांबला, हातपाय गार पडले, पण हृदय? ते थांबेचना! धडधड धडधड चालूच. नातेवाईक खोळंबले. रडावं तरी पंचाईत, न रडावं तरी पंचाईत. असा दीड दिवस गेला. शेवटी डॉक्टर वाकला, छातीला तोंड लावलं आणि हृदयाला म्हणाला, 'अहो, मालक गेले. आता तुम्हीपण आवरा.' तेव्हा कुठे थांबलं."

तिघं हसली. चष्मेवाल्या बाईंनी अर्धा किलो सांगितले होते, ते एक किलो केले.

हसली नाही ती मागे उभी असलेली चौथी बाई. ती दारातल्या खोक्यांपाशी पर्स छातीशी धरून थांबली होती. अण्णांनी गिऱ्हाइकं वाटेला लावली आणि मग त्यांचं लक्ष गेलं. त्यांच्या जुन्या दोस्ताची, मिस्त्रींची लेक होती.

"अगं, तू कधी आलीस? बाबांचे अक्रोड संपले वाटतं. ह्या वेळी लवकर..."

"अण्णाकाका, बाबांना अटॅक आला. शुक्रवारी."

अण्णांच्या हातात टरफलं होती. ती त्यांनी डब्यात टाकायच्या ऐवजी खिशात टाकली.

"आता बरे आहेत," ती घाईने म्हणाली. "आयसीयूतून काल वॉर्डात आणलं. पण गोळी घेत नाहीत. सिस्टरनी दिली की जिभेखाली धरतात आणि त्या गेल्या की काढून रुमालात ठेवतात. डॉक्टर म्हणाले, ह्या वेळी वाचलात, असंच चाललं तर पुढच्या वेळी मी काही करू शकणार नाही. तरी नाही."

"पण आधीच्या गोळ्या घेत होता ना तो?"

"आठ महिने नाही घेतल्या." तिने ओठ दाबून धरले. "मी रोज सकाळी वाटीत काढून ठेवून कामावर जायचे. आले की वाटी रिकामी. परवा त्यांचे कपडे न्यायला घरी गेले तेव्हा कपाटात बरणी सापडली. सगळ्या गोळ्या जपून ठेवल्यात, रंगवार वेगळ्या करून. मी विचारलं, तर म्हणतात, चांगला माल फेकून कशाला द्यायचा."

अण्णांना हसू यायला हवं होतं. मिस्त्री म्हणजे मिस्त्रीच. चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढलेला माणूस. वापरलेला वॉशरसुद्धा धुऊन डबीत ठेवणारा.

"कुणी सांगितलं त्याला गोळ्या बंद करायला?" अण्णांनी विचारलं. विचारताना ते काउंटर पुसत होते. काउंटर स्वच्छच होता.

"कुणी नाही. म्हणतात, माझ्या डोक्याने केल्या. तुमचं नाव घेतात, पण ते दाखला म्हणून. 'अण्णा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, कधी एक गोळी घेतली नाही, बघ कसा आहे.'" ती अगदी सरळ त्यांच्याकडे बघत होती. त्या बघण्यात आळ नव्हता आणि तेच वाईट होतं. "काका, तुम्ही या ना. ते माझं ऐकत नाहीत, डॉक्टरांचं ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील. फार काही नको. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते, मला नाही लागल्या गोळ्या पण तुला लागतात, एवढंच म्हणा. चारला भेटायची वेळ असते."

"येतो," अण्णा म्हणाले.

ती गेल्यावर त्यांनी आतला पडदा ओढला आणि पोत्यावर बसले.

अण्णांची एक खुबी होती. ते एकच थाप सगळ्यांना मारत नसत. ज्याचा जो धंदा, त्याला त्या धंद्याच्या मापाची थाप. शिंप्याला ते सांगत, रक्तवाहिनीला आतून अस्तर लागतं आणि ते बदामाने शिवलं जातं. बसड्रायव्हरला सांगत, चरबी म्हणजे भर रस्त्यात आडव्या लावलेल्या गाड्या आणि पिस्ता म्हणजे त्या उचलून नेणारी क्रेन. तसं मुळात सगळं खोटं नव्हतं. अक्रोड-बदामातली चरबी हृदयाला मानवते, हे डॉक्टरही म्हणतात. पण 'मानवते' म्हटलं की माणूस पाव किलो नेतो, आणि डोळे मोठे करून गोष्ट सांगितली की किलो नेतो. शिवाय गोष्ट सांगताना जी मजा येते ती वेगळीच, तिच्यासाठी अण्णांनी अक्रोड फुकटसुद्धा वाटले असते.

मिस्त्रींना त्यांनी पंपाची गोष्ट दिली होती. हृदय म्हणजे पंप, रक्तवाहिन्या म्हणजे नळ, आत धरतो तो गंज, आणि अक्रोडाचं तेल म्हणजे ग्रीस. मिस्त्रींना ती इतकी पटली की त्यांनी तिच्यात दुरुस्त्या सुचवल्या. आणि आठ महिन्यांपूर्वी, ह्याच काउंटरपाशी, चार गिऱ्हाइकं उभी असताना मिस्त्रींनी एक शंका काढली होती.

"अण्णा, एक सांग. आमच्याकडे लाइनीत गंज काढायचं औषध सोडलं की ग्रीस लावायचं नाही, असा नियम होता. दोन्हींची गाठ पडली की गाळ होतो. मग ह्या गोळ्या आणि तुझे अक्रोड एकाच वेळी चालतील का?"

शंका मिस्त्रीलाच सुचावी अशी होती. दुसऱ्या कुणाच्या स्वप्नातही आली नसती. त्या वेळी 'अरे वेड्या, गोळ्या घे, गोळ्यांना हात लावू नकोस' एवढं म्हणायला अण्णांचं काय जात होतं? पण चार माणसं कान देऊन उभी होती. अण्णांनी छातीवर थाप मारली आणि म्हणाले, "मी घेतलीय कधी गोळी?"

लोक हसले होते. मिस्त्री हसले नव्हते. त्यांनी मान हलवली होती, मोजमाप पक्कं झाल्यासारखी.

दुपारी घरी जेवण झाल्यावर बायकोने रोजच्यासारखी पाण्याच्या भांड्याशेजारी गोळी आणून ठेवली. सकाळी दोन, दुपारी एक. अकरा वर्षांत एकदाही चुकली नव्हती. डबीवर 'वेलदोडे' असं लिहिलेलं होतं, कुणी आलं-गेलं तर दिसू नये म्हणून.

"मिस्त्री दवाखान्यात आहे," अण्णा म्हणाले.

"अगं बाई! काय झालं भावोजींना?"

"छातीत दुखलं. बरा आहे आता. चारला जाऊन येतो."

"मीपण येते."

"नको," ते इतक्या पटकन म्हणाले की तिने भांडं उचलता उचलता त्यांच्याकडे पाहिलं. पण तिने विचारलं नाही. ह्या घरात काही गोष्टी न विचारण्याची तिला सवय लावली गेली होती.

वॉर्डात सहा खाटा होत्या. मिस्त्री खिडकीजवळच्या खाटेवर टेकून बसले होते. दाढी वाढलेली, हातावर सुयांचे निळे डाग. अण्णांना बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"आला! अरे, हा बघा आला! मी सांगत होतो तो हाच."

शेजारच्या खाटेवरचा जाडजूड माणूस कोपरावर उठला. "तुम्हीच का ते अक्रोडवाले? कालपासून तुमच्याच गोष्टी ऐकतोय. मेल्यावरसुद्धा चालणारं हृदय! वा! हसून हसून माझ्या मशीनचा अलार्म वाजला, सिस्टर धावत आल्या." तो बसकंडक्टर होता. "सुटलो की पहिला तुमच्या दुकानात येणार बघा. ह्या गोळ्यांनी तोंडाची पार चव गेली."

"बसा काका," लेकीने स्टूल पुढे केलं आणि डोळ्यांनीच म्हटलं, बोला.

अण्णा बसले. खिशात काहीतरी टोचलं. सकाळची टरफलं होती. त्यांनी घसा साफ केला.

"काय रे मिस्त्री, गोळ्यांशी भांडण मांडलंयस म्हणे."

"भांडण कसलं? हिने तुला बोलावून आणलं ना? मला वाटलंच."

"अरे, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. मला नाही लागल्या, तुला लागतात. एखादा पंप तेलावर चालतो, एखाद्याला..."

"पंप तो पंप," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "चौतीस वर्षं मी पंपच बघितलेत, अण्णा. एकाच मापाचे, एकाच वयाचे दोन पंप एकाच रोगाने बंद पडले आणि त्यातला एक विशिष्ट तेलावर पुन्हा चालू झाला, तर दुसऱ्यालाही तेच तेल घालतात. प्रकृती-बिकृती नसते पंपाला."

"एकाच रोगाने म्हणजे?"

"म्हणजे तुझं-माझं. तुला काय वाटतं, मी तुझ्या गोष्टींवर भाळलो? तो मेलेला म्हातारा आणि त्याचं हृदय, ते हसण्यासाठी. मी बघितलं ते वेगळं." मिस्त्रींनी एक बोट उचललं. पंपघरात ते असंच बोट उचलून समजावत असतील. "अकरा वर्षांपूर्वी तू माझ्या घरचे दोन जिने चढताना तीनदा थांबायचास. कठडा धरून उभा राहायचास आणि म्हणायचास, भिंतीचा रंग बघतोय. मला कळत नव्हतं होय? मग तू पंधरा दिवस त्या बागेत गेलास. परत आलास तो थोडा वाळलेला, पण सरळ वर चढून आलास. एका दमात. त्या दिवसापासून आजपर्यंत तुला थांबलेला मी बघितलं नाही. मधे तू काय खाल्लंस? अक्रोड. काय घेतलं नाहीस? गोळी. ही गोष्ट नाही अण्णा, हा डोळ्यांनी बघितलेला पुरावा आहे."

कंडक्टर म्हणाला, "बरोबर आहे की."

लेक खाली बघत होती. मान किंचित हलवत होती, नाही नाही अशी. खाटेच्या कडेला एक रुमाल घडी करून ठेवलेला होता आणि त्याच्या घडीत काहीतरी बारीक, गोल उमटलं होतं.

अण्णांच्या मनात त्या क्षणाला चार गोष्टी तयार झाल्या. डोंगरातल्या त्या म्हाताऱ्यानेच मरताना 'गोळ्या घ्या' असा निरोप दिला होता, ही एक. चारही चांगल्या होत्या. त्यातली कुठलीही वॉर्डाने टाळ्या वाजवून घेतली असती. अण्णा स्टुलावर थोडे पुढे सरकले.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मी बागेत गेलोच नव्हतो."

"हं?"

"दवाखान्यात होतो. इथे नाही, ओळखीचं कुणी भेटायला नको म्हणून लांबच्या. दोन नळ्या बंद होत्या. स्टेंट टाकलेत दोन. जाळीच्या बारीक नळ्या असतात, त्या आत बसवून वाट मोकळी करतात. म्हणून जिना चढता येतो मला. आणि तेव्हापासून रोज तीन गोळ्या आहेत. आज दुपारचीसुद्धा घेऊन आलोय."

कंडक्टरने मांडीवर हात आपटला आणि तो खो खो हसत सुटला.

"काय सांगतात हो! चेहरा बघा, चेहरा! एक रेघ हलली नाही. जाळीच्या नळ्या! वा!"

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा हसू लागला. मिस्त्रीही हसले, पण हळू, मायेने.

"हिने चांगलं पढवून आणलंय तुला. माझ्यासाठी स्वतःला आजारी करून घेतलंस, अण्णा. चांगला आहेस. पण जमलं नाही."

"अरे, खरं सांगतोय."

"तू कधी म्हणाला होतास, की हे खोटं सांगतोय?"

पुन्हा हशा. अण्णांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. चाळीस वर्षं काउंटरमागे उभं राहून त्यांनी लोकांना हसवलं होतं, पण लोकांच्या हसण्यापासून पळून जावंसं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"बरं, राहिलं," मिस्त्री म्हणाले. "वहिनींना विचार. ती बाई खोटं बोलायची नाही. लाव फोन, माझ्यासमोर. स्पीकरवर."

अण्णांनी फोन लावला. पलीकडे आधी नळ बंद केल्याचा आवाज आला.

"पोचलात का? कसे आहेत भावोजी?"

"बरा आहे. इथेच आहे, ऐकतोय तो. हे बघ, एक सांग. अकरा वर्षांपूर्वी मी पंधरा दिवस कुठे होतो?"

बायकोचा आवाज आला, एरवीपेक्षा एक पट्टी वरचा.

"कुठे म्हणजे? बागेत! अक्रोडाच्या. अहो भावोजी, आठवतं ना, हे आले तेव्हा गाल कसे लालबुंद होते? डोंगरातली हवा मानवली होती. मीच ओळखलं नाही दारात!"

मिस्त्रींनी अण्णांकडे पाहून भुवया उडवल्या.

लालबुंद गाल अण्णांनी तिला शिकवले नव्हते. ते तिचे स्वतःचे होते. अकरा वर्षांत तीही तयार झाली होती.

"अगं, खरं सांग."

"खरंच सांगतेय."

"मी सगळं सांगितलंय त्याला. त्याचा माझ्यावर विश्वास बसत नाहीये."

"सगळं?"

"सगळं."

कंडक्टर अजून हसऱ्या चेहऱ्याने फोनकडे बघत होता, पुढच्या विनोदाची वाट पाहत.

"मग मला कशाला खोटं पाडलंत भावोजींदेखत?" ती म्हणाली. तिचा आवाज खाली आला होता. "भावोजी, मला माफ करा हो. ह्यांनी शपथ घातली होती मला. म्हणाले, अक्रोडवाल्यालाच झटका आला हे कळलं तर दुकानात कुत्रं फिरकणार नाही. मी रोज डबा घेऊन दोन बस बदलून दवाखान्यात जायचे, आणि कुणी विचारलं तर सांगायचे, भावाकडे जाते. ती बागेतली म्हणून तुम्हाला पिशवी दिली होती ना, तीसुद्धा मी आपल्याच दुकानातून भरली. तुम्ही केवढं कौतुक केलंत त्या अक्रोडांचं. मला तेव्हापासून तुमच्या घरी यायला... भावोजी, ऐकताय ना?"

"ऐकतोय," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही रडू नका वहिनी."

अण्णांनी फोन बंद केला. कंडक्टर हळूच आडवा झाला आणि त्याने पाठ फिरवली.

मिस्त्री खिडकीबाहेर बघत होते. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, तिच्यावरून एक जुना नळ खाली आला होता.

"ती पिशवी," ते म्हणाले, "हिच्या आईने बाजूला ठेवून दिली होती. मला द्यायची नाही, स्वतः खायची नाही. म्हणायची, बागेतले आहेत, पुरवून पुरवून खाऊ. ती गेली तेव्हा निम्मी शिल्लक होती."

अण्णांनी खिशात हात घालून टरफलं मुठीत धरली.

"जाळी किती मिलिमीटरची आहे?" मिस्त्रींनी विचारलं.

"काय?"

"आत बसवलीय ती."

"ते... ते मला माहीत नाही. विचारलं नाही मी."

"विचारायचं असतं," मिस्त्री म्हणाले आणि लेकीकडे हात केला. "दे."

तिने रुमालाकडे हात नेला, तसे ते म्हणाले, "ती नको, ओली झालीय. नवी दे." तिने टेबलावरच्या पाकिटातून गोळी काढून दिली. त्यांनी ती तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि तिला दिसावी म्हणून जीभ उचलून दाखवली, लहान मुलासारखी. मग वर केलेली मान तशीच ठेवून डोळे मिटले. लेकीने अण्णांच्या दंडाला हात लावला. तिला आभार मानायचे असावेत. अण्णांनी दंड काढून घेतला.

ते उठायच्या बेतात होते तेवढ्यात पांढरा कोट घातलेली एक तरुण बाई हातात कागद घेऊन आली. दवाखान्यातली आहार सांगणारी. सकाळपासून बारावा-तेरावा पेशंट असावा. ती घडाघड बोलू लागली.

"आजोबा, हे खाण्याचं. मीठ कमी. तळलेलं बंद. भाज्या, फळं भरपूर. आणि हे सहावं बघा, रोज मूठभर बदाम, अक्रोड असं काहीतरी. बिनमिठाचे, तळलेले नाहीत. त्यातली चरबी चांगली असते, रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल कमी करायला मदत होते. हृदयाला चांगलं. पण मूठभरच हं, आणि गोळ्यांच्या जोडीला. गोळ्यांच्या ऐवजी नाही."

मिस्त्रींनी डोळे उघडले. त्यांनी त्या बाईकडे नीट पाहिलं. मग सौजन्याने, अगदी खालच्या आवाजात विचारलं,

"बाई, तुम्हालाही ह्यांनीच सांगितलं का?"

"कुणी?" तिने वळून अण्णांकडे बघितलं. "नाही हो. हे सगळ्यांनाच देतो आम्ही."

कुणी हसलं नाही. कंडक्टरची पाठ हलली नाही.

"ते खरं आहे, मिस्त्री," अण्णा म्हणाले. "बाई सांगतायत ते खरं आहे. चमत्कार नाही, पण चांगलं असतं. खरंच." काउंटरमागे चाळीस वर्षं जे त्यांनी कधी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं ते त्यांनी सांगितलं, आणि स्वतःचा आवाज त्यांना थापाड्यासारखा ऐकू आला.

"असेल," मिस्त्री म्हणाले.

बाईने कागद लेकीच्या हातात दिला आणि ती पुढच्या खाटेकडे गेली. लेक वाचू लागली. मिस्त्रींनी हात लांब करून त्या कागदावर बोट ठेवलं.

"ही ओळ खोड ह्यातली. बाकीचं सगळं पाळीन. मीठ, तळलेलं, सगळं. गोळ्यापण घेईन."

"बाबा, पण डॉक्टरच..."

"खोड म्हटलं ना. ते घरात आणू नकोस."

तिने अण्णांकडे पाहिलं, मग पर्स उघडून आत चाचपायला लागली. रुमाल निघाला, किल्ल्या निघाल्या, दवाखान्याच्या चिठ्ठ्या निघाल्या. पेन सापडेना. अण्णांच्या शर्टाच्या खिशाला पेन होतं. ते तिच्या डोळ्यांसमोर होतं, पण ती ते मागत नव्हती.

अण्णांनी पेन काढलं, टोपण उघडून तिच्या हातात दिलं, आणि कागद हलू नये म्हणून त्याचा कोपरा खाटेच्या कडेवर बोटाने धरून ठेवला.